कोल्ड हिलच्या टोप्या

नॉर्थ हॅरो, मॅसॅच्युसेट्स
सोमवार, ११ ऑक्टोबर १८४१

प्रिय लोविनाताई हिस,
आसाहेलचा स. न. वि. वि.

तुझे पत्र गेल्या बुधवारी मिळाले. आईचे ठीक आहे असे तू एका ओळीत लिहिले आहेस आणि तपकिरी गाईविषयी दीड पान. गाईचे ऐकून आनंद झाला. पण आजच्या पत्राचे कारण वेगळे आहे. ते कसे मांडावे हे मला नीट कळत नाही, म्हणून घडले तसेच लिहितो.

आज सकाळी ओबेडची गाडी डोंगरावरच्या गावांचा माल घेऊन आली. तुम्ही विणलेल्या टोप्या तो घरोघरून गोळा करतो आणि जाताना पुढच्या खेपेची ताडाची पाने टाकून येतो, तेवढेच तुला दिसते. इथे पुढे काय होते ते सांगतो. प्रत्येक टोपी आधी माझ्या टेबलावर येते. चिठ्ठीवर जिचे नाव, तिची टोपी. मी माथा बघतो, मग घेर, मग काठ वाकवून बघतो. बरी असली तर ती गंधकाच्या धुरीत पांढरी व्हायला जाते आणि तिथून एनॉस म्हाताऱ्याच्या तापलेल्या साच्यावर. बरी नसली तर बाजूला. एका बाईचा माल लागोपाठ तीन खेपा बाजूला पडला, तर ओबेड तिच्या दारात पुन्हा पाने टाकत नाही. नियम मालकांचा, मिस्टर स्टिकनींचा आहे. पण बाजूला टाकणारा हात माझा आहे.

आज आपल्या कोल्ड हिलच्या आठ घरांच्या मिळून अठ्ठेचाळीस टोप्या आल्या. मी आधी आईच्या नावाच्या सहा काढल्या. तिची टोपी मला चिठ्ठीशिवाय ओळखता येते. ती डावखुरी असल्यामुळे तिच्या विणीचा कल डावीकडे असतो, बाकी सगळ्या बायकांचा उजवीकडे. शिवाय सुरुवातीची पाती ती दोनदा आत दुमडते. माथा तिचाच होता. पण माथा संपून घेर सुरू झाला की कल उलटा, उजवीकडे! मी टोपी फिरवून फिरवून पाहिली. मग थँकफुल मावशीच्या नावाची उचलली. तिचाही माथा आईचा आणि घेर उजवा. मग सबमिट काकूंची. मग सगळ्या. ताई, अठ्ठेचाळीस टोप्यांचे अठ्ठेचाळीस माथे आईच्या हातचे आहेत!

अशी टोपी चालत नाही. माथ्यापासून काठापर्यंत वीण एकाच कलाची लागते, कारण ओल लागली की दोन कल दोन बाजूंना ओढतात. तरी मी एक एनॉसकडे नेली. ओली करून साच्यावर ठेवताच ती जोडावर कोबीच्या पानासारखी फुगली. तो मला म्हणाला, की अरे, तुझी आई काय आठ घरांत चोरपावलांनी शिरून दुसऱ्यांच्या टोप्या सुरू करून पळून जाते की काय. सगळे हसले. मला हसू आले नाही. सगळ्या टोप्या मी बाजूला टाकल्या आणि आठही नावांपुढे पहिली फुली मारली. त्यात आईचे नाव होते.

हे काय चालले आहे? आई आजारी पडली आणि तिने आधीच करून ठेवलेले माथे तुम्ही वापरता, असे एकदा वाटले. पण मग आठ घरांना का? आईचे कोणाशी भांडण झाले का? की समेट झाला? आणि तुझ्या पत्राखाली ती नेहमी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिते, त्या या वेळी नव्हत्या. सविस्तर कळव. एखादा शब्द चुकला असल्यास तोही कळव. दोन मी कोशात पाहून लिहिले आहेत.

आईला नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहो, आणि पुढचे पत्र गाईवाचून असो.
तुझा भाऊ,
आसाहेल


कोल्ड हिल
मंगळवार, १९ ऑक्टोबर

चि. आसाहेल यास,
लोविनाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चौकशीच ती! तुला टोप्या तपासायला बसवलंय ते ठीक, पण तू आता आम्हालाही टेबलावर ठेवून काठ वाकवून बघायला लागलास. शब्द एकही चुकलेला नाही. तुझे शब्द कधी चुकत नाहीत, बाकीचं काय ते चुकतं.

इथे सगळं ठीक आहे. सफरचंदं काढून झाली, रस गाळून पिंपात भरला. आपल्या चर्चच्या डीकनच्या मोठ्या मुलाने आपल्या कुंपणाचे तीन खांब नवे बसवून दिले आणि तो मुद्दाम चौथा उद्यासाठी ठेवून गेला. आई म्हणाली, की हा मुलगा खांबासाठी येत नाही. मी म्हटलं, की मग त्याला खांबालाच बांधून ठेवते. गाईविषयी तुला ऐकायचं नाही म्हणून लिहीत नाही. कालवड झाली, एवढंच.

टोप्यांचं म्हणशील तर त्यात एवढं काही नाही. थंडी सुरू झाली की आम्ही आठहीजणी एका स्वयंपाकघरात बसून विणतो. एका चुलीवर आठजणींचं भागतं. बोलण्याच्या नादात कुणाची टोपी कुणाच्या हातात जाते. तुला ठाऊक आहे थँकफुल मावशी बोलायला लागली की माणूस स्वतःचं नाव विसरतं. पण तू आईच्या नावापुढे फुली मारलीस हे वाचल्यावर मात्र मी पाच मिनिटं तुझ्याशी मनातल्या मनात बोलले नाही. आईला पत्र वाचून दाखवलं. ती त्या फुलीला हसली आणि म्हणाली, की पोरगा कामाला पक्का निघाला.

एक विचारायचं होतं. इतक्या टोप्या जातात कुठे? डीकनची बायको म्हणते, की दक्षिणेत कापसाच्या शेतांत, जिथे माणसांना विकत घेऊन राबवतात, तिथे जातात. हे खरं का? तिने विणणं सोडलंय. आम्हाला काय करावं ते सुचत नाही.

तुझ्या समाधानासाठी आई खाली दोन ओळी लिहिते आहे. आता गप्प बस आणि जाड मोजे घाल. रागावले तरी जीव तुझ्यावरच आहे, हे वेगळं लिहायला नको.
तुझी ताई,
लोविना


नॉर्थ हॅरो
सोमवार, ८ नोव्हेंबर

प्रिय लोविनाताई हिस,
स. न. वि. वि.

आईच्या दोन ओळी मिळाल्या. मी त्या खिडकीपाशी नेऊन वाचल्या, पण पूर्ण वाचता आल्या नाहीत. दुसरी ओळ पहिलीवर चढली आहे आणि शेवटचा शब्द कागदाबाहेर गेला आहे. शाई वाळायच्या आत घडी घातलीत का? की ती चुलीजवळ मांडीवर कागद घेऊन लिहीत होती? आईचे अक्षर शाळेच्या मास्तरांपेक्षा सरळ असते. आणखी एक. तू लिहितेस की माझे पत्र तिला वाचून दाखवले. ती आधी माझी पत्रे स्वतः वाचत असे, मग तुला देत असे. मी दोन दिवस यावर विचार केला. माझ्या कपड्यांना आणि कागदांनाही गंधकाचा वास येतो, तो तिला सहन होत नसावा. हे पत्र मी कपाटात न ठेवता बायबलमध्ये ठेवून मग पाठवत आहे.

आता वाईट बातमी. आज दुसरी खेप आली. ताई, पुढच्या खेपेला काळजी घेऊ असे तू काही लिहिले नव्हतेस, तरी मी समजलो होतो की घ्याल. पुन्हा अठ्ठेचाळीस माथे आईचे, पुन्हा घेर उलटे. उलट या खेपेला माथे आधीपेक्षा घट्ट आणि सुंदर आहेत. इतके एकसारखे माथे मी या टेबलावर पाहिले नाहीत. आणि नेमके तेच बाजूला टाकावे लागतात. मी सगळ्या टोप्या दोन वेळा पाहिल्या, दुपारी जेवायला गेलो नाही, आणि मग दुसरी फुली मारली.

मिस्टर स्टिकनी स्वतः आले. कोल्ड हिलच्या बायकांना झाले तरी काय, असे त्यांनी मला विचारले, जणू मी तुमचा वकील. ते म्हणाले, की पाने क्यूबाहून जहाजाने बोस्टनला येतात, तिथून गाडीने इथे. वाया घालवायला ती काही आपल्या रानात उगवत नाहीत. ६ डिसेंबरला तिसरी खेप. तीही अशीच आली तर ओबेड खालच्या वळणावरूनच गाडी फिरवील, आठातल्या एकाही घरी पान टाकणार नाही. हे ते रागाने म्हणाले नाहीत, त्यामुळे मला अधिक भीती वाटली.

गप्पांच्या नादात टोप्या बदलतात, हे मला पटत नाही. गप्पांत चार टोप्या बदलतील. अठ्ठेचाळीस नाही, आणि प्रत्येक नेमकी माथा संपतो तिथेच नाही. तू मला काहीतरी सांगत नाहीस. ते काय असेल याचे मी इतके अंदाज केले आहेत की आता एकही खरा वाटत नाही.

टोप्या कुठे जातात ते मी माल बांधणाऱ्याला विचारले. न्यूयॉर्कला, म्हणाला. पुढे? पुढे बऱ्याच दक्षिणेला. कोणाच्या डोक्यावर, असे विचारले तर म्हणाला, की ज्याच्या डोक्यावर ऊन पडतं त्याच्या, आणि पेटीला खिळा ठोकू लागला. डीकनच्या बायकोचे खरे असावे. यावर काय विचार करावा हेही मला कळत नाही. सध्या मला काहीच कळत नाही.

जे असेल ते लिही. तुझ्या मायेचा धाक दाखवून मला गप्प करू नकोस, पण माया मात्र कमी करू नकोस.
आसाहेल


कोल्ड हिल
शनिवार, १३ नोव्हेंबर

आसाहेल,

आज आशीर्वाद वगैरे नंतर. आईने मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे. ती आत्ता सबमिट काकूंकडे गेली आहे. गेली म्हणजे काकूंनी येऊन तिला हाताला धरून नेलं.

आईला दिसत नाही. एकदम गेलं नाही. वसंतात तिला पानांतली डागाळलेली पाती आणि पांढरी पाती यातला फरक कळेना. उन्हाळ्यात काठाचे टाके चुकायला लागले. ती मला म्हणायची, की पानंच यंदा वाईट आलीत. मी मूर्ख, मला खरं वाटलं. कळलं ते थँकफुल मावशीला. ऑगस्टमध्ये प्रार्थनेच्या वेळी आई भजनाचं पुस्तक उलटं धरून उभी होती. गात होती सगळं बरोबर, तिला पाठच आहे. मावशीने शेजारून हात घालून पुस्तक सुलटं केलं आणि स्वतः गात राहिली. कुणालाही काही बोलली नाही. बोलण्याबद्दल इतकी बदनाम बाई, पण त्या दिवशी नाही बोलली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडे आली आणि म्हणाली, की झिल्फा, तुझ्या टोप्यांचा घेर आणि काठ मी विणत जाईन. आईने दारच दाखवलं. तुला आई ठाऊक आहे. आपल्या डोंगरावर कुणी फुकट काही घेत नाही. त्यांनी आपलं गवत कापलं की आपण त्यांचं कापायचं, एका दिवसाला एक दिवस. आई म्हणाली, की तू माझ्या टोपीला हात लावलास तर मी तुझ्या टोपीला लावणार, नाहीतर चालती हो. मग ठरलं. माथ्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, आणि आईच्या बोटांसारखी बोटं कुणाची नाहीत. मावशीने आईच्या तीन टोप्या पुऱ्या केल्या, म्हणून आईने मावशीच्या सगळ्यांचे माथे करून दिले. मग सबमिट काकूंनी हट्ट धरला, की आम्ही काय परक्या? त्यांनी आईच्या दोन घेतल्या, आईने त्यांचे माथे घेतले. असं करत करत आठ घरं. आता आई चुलीपाशी बसून सगळ्या गावाचे माथे विणते आणि बाकीच्या पुढचं विणतात. ती कुणाचं काही देणं लागत नाही आणि कुणी तिचं काही देणं लागत नाही. ती खुशीत असते रे. बाहेरच्या कुणाला कळणार नाही की ती आंधळी आहे, कारण त्या खोलीत सगळ्यांत जलद हात तिचेच.

उलटा कल साच्यावर फुगतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही साचा पाहिलाय कुठे? आमची टोपी ओबेडच्या गाडीत पडली की आमच्यासाठी ती संपली. ते तुझ्या फुलीवरून कळलं. वेगळं काय करावं ते सुचेना. प्रत्येकीने आपापलं विणायचं ठरवलं तर आई हात मांडीवर ठेवून बसणार. आणि पानच बंद झालं तर आठहीजणी बसणार, आणि आई म्हणेल, माझ्यामुळे.

तुला का सांगितलं नाही ते तुला कळेलच. तू नोकरी टाकून पळत येशील म्हणून. एक विचारते, रागावू नकोस. एका खेपेला तुला डोळे मिटता येणार नाहीत का?
लोविना


नॉर्थ हॅरो
शनिवार, २० नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझ्या पत्रात नमस्कार नव्हता, म्हणून मलाही तो कुठे लिहावा ते कळेना. इथे लिहितो. तुला आणि आईला नमस्कार.

सर्व काही माझ्यासमोर होते. चढलेल्या ओळी, वाचून दाखवलेले पत्र, घट्ट माथे. मी टोपीतली एक चुकलेली पाती दहा पावलांवरून ओळखतो आणि हे ओळखले नाही. पत्र बायबलमध्ये ठेवून पाठवले! आता ते आठवले की कान तापतात. आणि दुसरे आठवते ते याहून वाईट आहे. मला अकादमीत दोन हिवाळे शिकता यावे म्हणून आईने ते दोन्ही हिवाळे चुलीच्या उजेडात टोप्या विणल्या. मी शुद्ध लिहायला शिकलो ते तिच्या डोळ्यांनी. आता त्याच शुद्ध अक्षरात मी तिच्या नावापुढे फुल्या मारतो.

तू विचारलेस, डोळे मिटता येतील का. पत्र आल्यापासून मी दुसऱ्या कशाचाच विचार केलेला नाही. मी मिटले तरी एनॉसचा साचा मिटणार नाही. टोपी तिथे फुगली की तो ओरडतो, आणि सगळी खोली बघते. एनॉसला विनवले तर तो कदाचित ऐकेल. मग ती टोपी न्यूयॉर्कला जाईल आणि पहिल्या पावसात कोणाच्या तरी डोक्यावर फुगेल, आणि आमच्या पेट्या परत येतील. तेव्हा नुसते कोल्ड हिल नाही, सगळा डोंगर बंद होईल. दुसरा उपाय सुचला, की आईने उजवीकडे विणावे. रात्री मी स्वतः पाती घेऊन डावीकडे विणायचा प्रयत्न केला, म्हणजे तिला किती अवघड जाईल ते कळावे. एक इंच झाले नाही. जन्माची सवय, तीही न दिसता, कशी बदलायची? हे तिला सांगणे मला क्रूर वाटते.

मी राजीनाम्याचे पत्र लिहिले आहे. दोनदा, कारण पहिल्यात डाग पडला. ते माझ्या खिशात आहे. मी घरी येतो, लाकडे फोडीन, गाय बघीन, आईला वाचून दाखवीन. पण मग या टेबलावर दुसरा कोणीतरी बसेल आणि तोही फुली मारीलच. म्हणजे मी येऊन काय होणार? आणि न येऊन तरी काय? तू सांग. तू मोठी आहेस. मला योग्य काय ते या खेपेला खरोखर दिसत नाही.

माया ठेव. मला तिची गरज आहे.
आसाहेल


कोल्ड हिल
शनिवार, २७ नोव्हेंबर

चि. आसाहेल यास आईचे आशीर्वाद.

हे मी सांगते आहे आणि लोविना लिहिते आहे. तिने शपथ मोडली, त्याबद्दल तिला गुरुवारी, देवाचे आभार मानायच्या सणाला, भोपळ्याचा तुकडा लहान दिला. तो मी बोटाने मोजून कापला, त्यामुळे भांडायला जागा नाही.

तू रडू नकोस. मी रडत नाही. डोळे हिवाळ्याने गेले नाहीत आणि तुझ्या शाळेनेही गेले नाहीत. माझ्या आईचेही याच वयात गेले. ती शाळेत कुणाला पाठवत नव्हती. तेव्हा हे ओझं उगाच उचलू नकोस, तुझे खांदे आधीच बारीक आहेत.

खिशातला कागद चुलीत टाक. तू घरी येऊन माझ्याकडे बघत बसणार, आणि मला ते न दिसताही कळणार. आपल्या घरातले चांगले डोळे आता तुझ्याकडे आहेत. ते तू माझ्यासाठी मिटलेस, तर मग घरात दोघं आंधळी. वाईट टोपी आली तर बाजूला टाक. माझी असली तर आधी टाक. थँकफुलला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, की तुझा मुलगा तुझ्यावरच गेलाय, मेला. बाकीचं आम्ही बघतो. आम्ही आठजणी आहोत आणि अजून कुणी मेलेलं नाही.

टोप्या कुठे जातात ते कळलं. डीकनची बायको विणत नाही हे तिचं बरोबर असेल. मी विणते हे बरोबर आहे का, ते मला ठाऊक नाही, आणि हे मी प्रार्थनेतही विचारते. मला एवढंच जमतं. ज्याच्या डोक्यावर ती बसेल त्याच्या माथ्यात ऊन जाऊ नये, म्हणून माथा घट्ट विणते.

जाड मोजे घाल. छातीला लोकर बांध, गंधक वाईट. देव तुझ्यावर नजर ठेवो, मी कान ठेवून आहे.
आई

ता. क. आता हे मी, लोविना. आई बाहेर गेली आहे म्हणून लिहिते. आपल्या स्वयंपाकघरात या पंधरवड्यात इतक्या शिव्या झाल्या की डीकनच्या मुलाने चौथा खांब न बसवताच पळ काढला. सबमिट काकूंनी काल सूप डाव्या हाताने वाढलं ते सगळं मांडीवर. थँकफुल मावशी म्हणते, की साठ वर्षं शहाणपणाने वागले, आता उलटी चालायला शिकते आहे. आई मात्र एकेकीच्या बोटांवर बोटं ठेवून फिरते आणि चुकलं की टपली मारते. काय चाललंय विचारू नकोस. मला सांगायची मनाई आहे, आणि एका महिन्यात दोन शपथा मोडणं बरं नाही.


नॉर्थ हॅरो
सोमवार, ६ डिसेंबर

प्रिय आई आणि प्रिय ताई,
आसाहेलचा दोघींना स. न. वि. वि.

ताई, हे मिळताच आईला वाचून दाखव, आणि थँकफुल मावशी तिथे असेल तर तिलाही. ती असेलच.

ताईचा ताजा कलम मी सात वेळा वाचला. सूप, टपल्या, उलटे चालणे, यांचा मला काही मेळ लागेना. सबमिट काकूंना झटका आला असावा असे वाटले आणि मी काळजीत पडलो. राजीनामा चुलीत टाकला होता, पण जाळण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवली होती, हेही कबूल करतो. आज सकाळी ती खिशात घेऊनच टेबलावर बसलो.

ओबेडची गाडी बर्फामुळे अकराला आली. मी बाकी तीन गावांचा माल आधी घेतला, कारण कोल्ड हिलच्या गठ्ठ्याकडे बघवत नव्हते. एनॉस साचा सोडून माझ्यामागे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, की पोरा, दात काढायचाच आहे तर हळूहळू कशाला. मी दोरी सोडली आणि आईच्या नावाची पहिली टोपी उचलली.

माथा डावीकडे. घेर डावीकडे. मला वाटले, मी टोपी उलटी धरली आहे. सुलटी केली. घेर डावीकडेच. काठही डावीकडे. मी मावशीच्या नावाची घेतली, मग काकूंची, मग सगळ्या एका वेळी टेबलावर पसरल्या. अठ्ठेचाळीस टोप्या, माथ्यापासून काठापर्यंत सगळ्या डाव्या! घेर काही ठिकाणी जरा सैल आहे, आणि मावशीच्या चार टोप्यांचे काठ पाहून तिने विणताना काय म्हटले असेल ते समजते. पण कल कुठेही फिरत नाही. एनॉसने माझ्या हातातून एक ओढून घेतली आणि साच्यावर बसवली. ती बशीसारखी सपाट राहिली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, की तुझ्या गावाला काही साथ आली आहे का रे, सगळ्या बायका एका महिन्यात डावखुऱ्या कशा झाल्या?

मिस्टर स्टिकनी आले. त्यांनी एक टोपी उजेडात धरली, मग दुसरी. म्हणाले, की आपल्या नियमात एकच कल लिहिला आहे, डावा की उजवा हे कोणी लिहिलेले नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, की तुझं काय म्हणणं? मी म्हणालो, की साहेब, सहा सैल आहेत, त्या दुसऱ्या प्रतीत घाला, बाकी चांगल्या. सैल सहांत दोन आईच्या नावाच्या होत्या. मी डोळे मिटले नाहीत, आई. फुली एकाही नावापुढे मारावी लागली नाही. ओबेडच्या गाडीत कोल्ड हिलची पाने मी स्वतः चढवली, सगळ्यांत पांढरी निवडून.

खिशातली नक्कल एनॉसच्या साच्याखालच्या निखाऱ्यांत टाकली. आता दुसरी प्रत कुठेही नाही.

मला अजून बरेच कळत नाही. साठ वर्षांचा उजवा हात तीन आठवड्यांत डावा कसा होतो, ते कळत नाही. मला आईला उजवीकडे वळवायचे सुचले आणि तुम्हाला स्वतः डावीकडे वळायचे, हे असे का, तेही कळत नाही. मी अकादमीत शिकलो आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यातली एक टोपी पुन्हा घेतली. मनात होते, की आईचा हात नेमका कुठे थांबतो आणि मावशीचा कुठे सुरू होतो ते शोधावे. डोळ्यांनी दिसेना. मग डोळे मिटले आणि आई करते तसे दुमडलेल्या पहिल्या पातीपासून बोट फिरवत निघालो. माथा संपला असेल, घेर लागला असेल. बोट कुठेही अडले नाही, आणि काठावरून खाली आले.

तुम्हा आठहीजणींचा लोभ माझ्यावर असाच अखंड विणलेला असो.
तुमचा,
आसाहेल